राखणीचा नारळ

सकाळी मामाच्या घरी मामेभाऊ मंगेशचा फोन आला, त्याचं जहाज सुखरूप पार झालं म्हणून. आणि संध्याकाळी मला मामीचा... "तुजे मामा गेले रे."

दादामामा नौदलातून निवृत्त होऊन मालवणात समुद्राकडे तोंड करून राहिले. मी त्यांचा कणकवलीचा भाचा. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीतसुद्धा मला मळमळतं, तरी जगातल्या आरमारांबद्दल ते बोलत माझ्याशीच. एवढा निरुपद्रवी श्रोता दुसरा कुठे मिळणार? मी एकदा विचारलं, "मामा, इतक्या महागड्या युद्धनौका, आणि वर्षानुवर्षं लढाई नाही. मग त्या करतात काय?" उत्तरादाखल ते मला नारळी पौर्णिमेला बंदरावर घेऊन गेले. तिथे नारळ लढवतात. एकाने हातात धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने टोला हाणायचा. ज्याचा फुटला तो हरला. माझा पहिल्याच टोल्याला फुटला. "भाच्या, नारळ आणलंस काय उकडलेलो बटाटो?"

त्या वर्षी मामांच्या नारळाने सगळ्यांचे नारळ फोडले. पुढे दर वर्षी तोच नारळ घेऊन ते नुसते उभे राहत. कोणी जवळ फिरकत नसे. "बघलंस? ह्येका म्हणतत आरमार. मारूची पाळी इली काय अर्धा काम फसला." एरवी तो नारळ समुद्राकडच्या खिडकीत असे. त्याला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती.

यंदा मंगेश, त्यांचा मुलगा, ज्या तेलवाहू जहाजावर आहे ते एका सामुद्रधुनीच्या तोंडाशी अडकलं. पुढे जहाजांवर हल्ले होत होते. कुठल्याशा देशाची युद्धनौका सोबत येणार, तेव्हाच ते सुटणार होतं. मामांचं हृदय थकलेलं. ते अंथरुणाला खिळलेले. मी त्यांचंच शहाणपण त्यांना ऐकवलं, "मामा, ती नुसती उभी असली तरी पुरे ना? कोण येतंय जवळ?" ते खिडकीकडे बघत राहिले... "पण तिच्या पोटात काय आसा, ता तुका ठावक आसा?" मला वाटलं, ग्लानीत बोलतायत.

मग तो सकाळचा फोन. मामीने तो मामांच्या कानाशी धरला. "बाबा, पार झालंव. ती लढाईची बोट लांबच होती. एक गोळी सुटूक नाय." मामा म्हणाले, "बरां झाला," आणि कुशीवर वळले. तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

बाराव्यानंतर, जहाजावरून घरी आलेल्या मंगेशने खिडकी पुसायला नारळ उचलला आणि तसाच थबकला. मग माझ्या हातात दिला. हलका! हलवून पाहिला तर पाणी नाही; आत सुकलेला गोटा खुळखुळला. माझ्या बटाट्यानेसुद्धा तो फोडला असता. किती वर्षं मामा हाच घेऊन बंदरावर ताठ उभे होते, कोण जाणे. आता पेपरात युद्धनौकेचा फोटो दिसला की ती हलवून बघावीशी वाटते.

मंगेशने नारळ पुन्हा खिडकीत ठेवला, शेंडी समुद्राकडे. "फुडल्या नारळी पुनवेक सुट्टी घेऊन येतंय. ह्योच घेऊन उभो रवतलंय. तुमी तेवडा तोंड गप ठेवा."

"आणि कोणी टोला मारायला आला तर?"

"बाबांच्या फुडे कोण इललो?"