ट्रोम्सोहून दोनदा पाठवलेलं पत्र

सौदीतलं जुबैल सोडून जायला मला कुणी सांगितलं नव्हतं. नोटीस बोर्डावर कागद लागला आणि त्याखाली मी माझं नाव लिहिलं. घरी मात्र सांगितलं, "कंपनीचा हुकूम आहे, नाही म्हणता येत नाही."

कारखाना थंड ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी आत घेणारा एक कालवा होता, त्यावर मी पाळीचं काम करायचो. समुद्रात तेल सांडलं तर ते तरंगत्या अडसरांनी कसं अडवायचं, याचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण नॉर्वेच्या उत्तरेला, ट्रोम्सो नावाच्या बेटावरच्या शहरात होतं. इराकने कुवेत घेतल्याला पाच महिने झाले होते. कुवेतची हद्द आमच्यापासून मोटारीने दोन-तीन तासांवर. रस्त्याने रोज रणगाडे उत्तरेकडे जात. युद्ध होणार हे दिसत होतं, आणि ते होईल तेव्हा मला तिथे असायचं नव्हतं. बायको आणि पाच वर्षांची मुलगी तिथेच राहणार होत्या. त्यांना भारतात पाठवायला तिकिटं मिळत नव्हती. खरं म्हणजे मी चौकशीही उशिरा केली.

तेव्हा बायकामुलांची नावं नवऱ्याच्या इकाम्यातच, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यातच, असायची. देशाबाहेर जाताना इकामा ऑफिसात जमा करायचा आणि पासपोर्ट घ्यायचा. मागे राहणाऱ्या कुटुंबासाठी ऑफिस एक शिक्क्याचं पत्र देई. ते असेल तरच बाईला चेकपोस्टवरून पुढे सोडत. माझ्या पत्रात एक ओळ होती, 'सदर कर्मचारी स्वतःच्या विनंतीवरून प्रशिक्षणास जात आहे.' बायको माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी वाचते. ते पत्र मी घरी ठेवलं नाही. दाढीच्या सामानाखाली घालून बरोबर नेलं. तीन आठवड्यांत त्यांना कॉलनीबाहेर कुठे जायचंय, असं स्वतःला समजावलं.

ट्रोम्सोत सूर्य नव्हता. दुपारी बाराच्या सुमारास दोनेक तास निळसर उजेड पडे, मग पुन्हा दिवे. मुख्य भूमीकडे जाणारा एक उंच, कमानदार पूल होता. त्याखालून मासेमारीच्या बोटी जात. लाकडी घरांच्या खिडक्यांना पडदे नव्हते आणि प्रत्येक खिडकीत दिवा. रस्त्यावरच्या बर्फावर खडी टाकलेली असे, तरी मी दोनदा आपटलो. एका म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेतली होती. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, घरी कोण असतं? मी सांगितलं. ती म्हणाली, लहानपणी ती आईबरोबर युद्धातून पळून बोटीने या बेटावर आली होती. मग म्हणाली, "तुमच्या मुलीजवळ आता कोण आहे?" मी तिलाही कंपनीच्या हुकमाचंच सांगितलं.

एका सकाळी तिच्या टीव्हीवर बगदादचं आकाश दिसलं, हिरवं आणि ठिणग्यांनी भरलेलं. कॉफी तशीच ठेवून मी फोन फिरवायला लागलो. दिवसभर फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला तो मुलीनेच उचलला.

"पप्पा, वी आर कॅम्पिंग इन द बाथरूम!"

बायकोने फोन घेतला. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले होते. गॅस सोडतील अशी सगळीकडे बोलवा होती. शेजारी रत्नागिरीकडचा, आमच्याच कंपनीत फोरमन. तो बायको आणि म्हाताऱ्या आईला घेऊन मोटारीने पार पश्चिम किनाऱ्यावरच्या जेद्दाला निघाला होता. तिथल्या अझीझिया भागात त्याचा मेहुणा राहायचा. तिथवर क्षेपणास्त्रं पोचत नाहीत, असं लोक म्हणत होते. तो या दोघींनाही नेणार होता.

मी "जा, जा" म्हणालो. पत्राचं तोंडातून निघालंच नाही.

संध्याकाळी घरमालकिणीच्या फोनवर शेजाऱ्याचा आवाज आला.

"अरे बर्फातल्या पाहुण्या, वहिनींचा कागद कुठाय? चेकपोस्टवरनं परत फिरवलं आम्हाला. माझी आई मागं कलमा पढतेय, तुझी पोरगी गाणी म्हणतेय, आणि तो शिपाई म्हणतो, या बाईचा इकामा दाखव."

"पत्र माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे? तिथं तुला कोण विचारतंय रे, अस्वलं?"

"तुम्ही तरी पुढे जा," मी म्हणालो.

"गप. वहिनींना टाकून मी जाणार नाही. सकाळी फॅक्स कर. ऑफिसनं त्यावर शिक्का मारला की खलास, निघालो."

आता लिहितोय ते गेल्या महिन्यापर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी प्रशिक्षण केंद्रात गेलो, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेची बारीक पट्टी कापली आणि त्या ओळीवर डकवली. मग पत्र यंत्रात घातलं. माझी मुलगी न्हाणीघरात बसलेली होती आणि मी अब्रू झाकत होतो.

दोन तासांनी बायकोचा फोन आला. ती मुलीला घेऊन शेजाऱ्याबरोबर ऑफिसात गेली होती.

"अहो, मधली एक ओळ आलीच नाही. कारकून म्हणतो, कागदात खाडाखोड आहे, शिक्का मारणार नाही. तिथलं मशीन बिघडलंय का?"

"हो," मी म्हणालो, "मशीनच."

तेवढ्यात तिच्या मागे सायरन सुरू झाला. मी तो आवाज पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तो फोनमधून येत होता. मुलगी ओरडली, "मम्मा, टॉवेल!" कुणीतरी अरबीत ओरडलं, खुर्ची पडली. लाइन तुटली. पुन्हा फिरवला, पुन्हा फिरवला, लागेना. मी त्या यंत्राशेजारी जमिनीवरच बसलो.

मग पट्टी काढली आणि पत्र पुन्हा पाठवलं. शहाणपण सुचलं म्हणून काढली नाही, दुसरा इलाजच राहिला नव्हता. पण सायरनमुळे ऑफिस रिकामं झालं होतं. शिक्का दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. म्हणजे एक पूर्ण दिवस आणि एक रात्र त्या पाच जणांनी जुबैलमध्ये माझ्यामुळे काढली. नंतर कळलं, त्या रात्री तीनदा सायरन झाला आणि शेजाऱ्याच्या आईला धाप लागली होती.

ते वाटेत असताना ट्रोम्सोत सूर्य परत आला. डोंगराच्या कडेवर काही मिनिटंच दिसला. रस्त्यावर माणसं, पोरं, सगळ्यांच्या हातात जॅम भरलेले गोड पाव. घरमालकिणीने माझ्याही हातात एक दिला. मी तो तसाच कागदात गुंडाळून ठेवला. दोन दिवसांनी जेद्दाहून बायकोचा फोन आला, "पोचलो." एवढंच, आणि ठेवला.

प्रशिक्षण संपल्यावर मी थेट जेद्दाला गेलो. शेजारी दारातच म्हणाला, "आलास? ये. अस्वलांनी ठेवून घेतलं नाही वाटतं." बायकोने चहा दिला. "थंडी फार होती का?" असं विचारलं. पत्राचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. तिने ती ओळ वाचलीच असणार. ती बोलत नाही म्हणजे तिने सोडून दिलं, असं मी सोयीने धरून चाललो. वर्षं गेली, आम्ही भारतात परतलो. मुलीचं लग्न झालं.

गेल्या महिन्यात दुपारी बायको मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "तेव्हा मला कंपनीने पाठवलं नव्हतं. मीच नाव दिलं होतं. घाबरलो होतो. माझं चुकलं."

तिने मान वर केली नाही. "माहीत आहे. घाबरले तर सगळेच होते. तसं म्हणाला असतात तर मीच म्हटलं असतं, जा. त्याची माफी नकोय मला."

"मग?"

"कारकुनाने दोन्ही फॅक्स माझ्या हातात दिले होते. मशीन एकच ओळ कशी हो खातं?"

तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"ती ओळ मी झाकली," मी म्हणालो. "तू वाचू नयेस म्हणून. त्यापायी तुम्हाला आणखी एक दिवस तिथे काढावा लागला. त्या दिवशी तुमचं काहीही झालं असतं. मला माफ कर."