तीन लिटर दूध

बुलढाण्याचे गोपाळराव कारकुनीतून निवृत्त झाले आणि कंत्राटावर घरखर्चाच्या पाहणीचं काम करू लागले. लोकांच्या घरी जायचं, दूध किती, तेल किती, बाहेर भजी खाल्ली का, असं विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. देशातल्या घरांचा खर्च वाढला की घटला, हे म्हणे अशा हजारो गोपाळरावांच्या चौकशांवरून ठरतं. तीन वर्षांत त्यांना एवढं मात्र कळलं होतं, की हात आखडला की माणूस आधी फळं सोडतो, मग तूप, मग दूध. चहा काही सोडत नाही. आणि रेशनकार्ड जाईल या धास्तीने लोक खर्च कमीच सांगतात. म्हणून प्रत्येक प्रश्न ते दोनदा विचारत.

धाड गावच्या कोकिळाबाईंनी उलटाच प्रकार केला. गोपाळराव पोचले तेव्हा त्यांच्या राखीला पाहायला नांदुऱ्याचे पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा हातात होत्या.

"मी नंतर येतो," गोपाळराव म्हणाले.

"काऊन? विचारा ना. आमच्याकडं काय लपवासारखं हाय?"

दूध? "रोज तीन लिटर." तूप? "महिन्याले दोन किलो." फळं? "फळाशिवाय आमच्या राखीचा दिवस जात नाही."

मुलाची आई, प्रेमलाबाई, ऐकता ऐकता खायच्या थांबल्या. गोपाळरावांना समोरच्या फळीवर दुधाची अर्ध्या लिटरची एकच पिशवी दिसत होती. पण मुलीच्या आईला पाहुण्यांदेखत खोटं पाडायला त्यांची जीभ रेटेना. दुसऱ्यांदा विचारलंच नाही. सांगितलं तसं भरलं आणि उठले.

स्टँडवर ते बुलढाण्याच्या गाडीची वाट पाहत बसले होते, तोच कोकिळाबाई धापा टाकत आल्या.

"भाऊ, ते सारं खोडा. पोरीसाठी बोलली मी. सरकारले तसंच गेलं तं रेशन बंद होईन."

"रेशनचा याच्याशी संबंध नाही, ताई. पण आता खरं सांगा."

"मागच्या साली दीड लिटर घेत होतो. सोयाबीनचा भाव पडला, तवापासून अर्धा. तूप दिवाळीले. फळं आजच आणली, थे बी पाहुण्यांनी खाल्ली."

"पाहुण्यांनी खाल्लेलं तुमच्याच खर्चात धरतात," गोपाळराव आकडे बदलत म्हणाले.

मागे कुणीतरी खाकरलं. नांदुऱ्याचे पाहुणे त्याच गाडीला आले होते आणि सगळं ऐकून उभे होते. कोकिळाबाईंचं तोंड उतरलं. सोयरीक गेली, असंच त्यांना वाटलं. गोपाळरावांनाही तसंच वाटलं, आणि स्वतःचा राग आला. भरबाजारात कुणी असे प्रश्न विचारतं का!

प्रेमलाबाई पुढे आल्या. "अर्धा लिटर, खरं का बाई?"

"हाव," कोकिळाबाई मान खाली घालून म्हणाल्या.

प्रेमलाबाई बाकावर त्यांना खेटून बसल्या.

"घरी जाऊन नाही म्हणून फोन करणार होतो आम्ही. तीन लिटरातली पोरगी आमच्या घरी कशी नांदन, हेच बोलत आलो रस्त्यानं. आमच्याकडं तं पाव लिटर येते, थे बी सासऱ्याच्या चहापुरतं."