रेवसचा तांबडा बगळा

चहा निवला तरी चालेल, पण मधे हसायचं नाही एवढं आधी कबूल करा. कोणी मधेच हसलं की मी गोष्ट वळवतो आणि शेवटी स्वतःला शहाणा ठरवून मोकळा होतो. आज तसं करायचं नाहीये.

तीस-बत्तीस सालची गोष्ट. मी तेव्हा रेवसच्या धक्क्यावर तिकिटं फाडायचो. मुंबईची बोट येऊन गेली की दुसरी येईपर्यंत काम काय? समोर खाडी, चिखल, तिवरांचं रान. बाकीचे पत्ते कुटायचे. मी पक्षी बघायला लागलो.

हे वेड लावलं सोराबशेटनी. ते मुंबईचे पारशी गृहस्थ, किहीमला त्यांचा बंगला. शनिवारी बोटीतून उतरायचे ते गळ्यात दुर्बीण अडकवूनच. एकदा टांगा यायला उशीर झाला म्हणून त्यांनी ती माझ्या डोळ्याला लावली आणि माझं वाटोळं झालं. तोवर मला वाटायचं, चिखलात दिसतो तो बगळा आणि बगळा नसेल तर ती टिटवी. आता बघतो तर एकाची चोच वर वाकलेली, एकाची खाली, आणि एक चिमुकला पळता पळता मधेच थांबून विचारात पडायचा. कसला विचार करत असेल हो तो?

वर्षभरात मी पुष्कळ पक्षी ओळखायला लागलो. त्यातला माझा लाडका म्हणजे काळा बगळा. पांढरा वेगळा, काळा वेगळा, असे दोन मी मोठ्या ऐटीत सोराबशेटना सांगितले. ते हसले.

"अरे डिकरा, ते दोन नाय, एकच हाय. जात एक, रंग दोन. जुना पुस्तकवाला दोन बोलत होता, नवा एक बोलते."

"मग उद्याचा पुस्तकवाला काय बोलेल?"

"ते त्याला विचार. हे लोक सारखा नाव बदलते. मी एक पाठ करते, तोवर दुसरा येते."

मला फार वाईट वाटलं. तुम्ही म्हणाल, बगळे आहेत तिथेच आहेत, तुझं काय गेलं? अहो, माझा एक पक्षी गेला ना! त्यात सोराबशेट टांग्यात चढता चढता आणखी एक बोलून गेले. कोणाला अगदी नवा पक्षी सापडला, तर विद्वान मंडळी त्या माणसाच्या नावाला लॅटिनची शेपटी लावून ते पक्ष्याला देतात.

झालं. काशिनाथ या नावाला कुठली शेपटी शोभेल, ते मी तिकिटं फाडताना बघायला लागलो. जन्मभर तिकिटं फाडली तर माझं नाव कोण घेणार होतं? घरीसुद्धा कोणी घेत नव्हतं. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तेव्हाची रीत. आमच्या मंडळींचं सगळं काम 'अहो'वर भागायचं.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो. त्याच सुमारास मी हौसेने पाग घेतला होता. पाग म्हणजे खांद्यावरून फेकायचं गोल जाळं. सुताचं नवं जाळं खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात मुरवतात, मग ते तांबडं होतं. मीही परसात जुन्या घंगाळात काढा भरून पाग बुडवला.

"अहो, वर फळी ठेवा," बायको म्हणाली. "उघड्यात काय पन पडल."

"काय पडणार आहे?" असं म्हणून मी खाडीवर निघून गेलो.

चार-दोन दिवसांनी ओहोटीच्या वेळी मी धक्क्यावर उभा होतो. समोर चिखलात एक बगळा. पांढरा नाही, काळाही नाही. तांबडा! छाती, पंख, पाठ सगळं तांबडं, डोकं आणि मान तेवढी पांढरी. मी बोटीच्या तांडेलाबरोबर सोराबशेटना निरोप धाडला, तांबडा बगळा आहे, असाल तसे या.

ते पुढच्याच बोटीने आले. बगळाही शहाण्यासारखा हजर होता. सोराबशेटनी कितीतरी वेळ डोळ्यावरची दुर्बीण काढली नाही.

"गुरांच्या मागे फिरते ना, तो बगळा अंडी घालायच्या टायमाला रंगते," ते पुटपुटले. "पण तो आधी डोक्याला रंगते. हे तर उलटाच हाय. सगळा रंगला, डोका कोरा."

"म्हणजे नवी जात?"

"नाय. त्याच काळ्या-पांढऱ्याचा तिसरा रंग."

"वेगळी जात," मी म्हणालो.

"तिसरा रंग."

आम्ही भांडत असतानाच बगळा उडाला. आम्ही त्याच्या मागे. गुडघाभर चिखल, सोराबशेटचा एक बूट तिथेच राहिला, तो आजही तिथे असेल. बगळा बांध ओलांडून माडांवरून गेला आणि पलीकडे उतरला.

"तिथे घरटं असणार," सोराबशेट कुजबुजले. "आता बोलायचा नाय."

आम्ही वाकून, मग रांगत पुढे सरकलो. निवडुंगाचं कुंपण लागलं. हे कुंपण कुठेतरी पाहिलंय असं मला वाटलं, पण अशा वेळी कुंपणाकडे कोण बघतो? काटे बाजूला सारून मी डोकं आत घातलं.

समोर माझं घंगाळ. घंगाळाच्या काठावर बगळा. आणि हातात माशांच्या मुंडक्यांचं ताट घेऊन आमची मंडळी.

"अहो, कुंपनातून काय येता? दार हाय की." तेवढ्यात तिला मागचे सोराबशेट दिसले आणि तिने पदर सावरला.

"हा इथे कसा?" मी विचारलं.

"रोजचाच हाय. तुम्ही धक्क्यावर गेलात की येतो. आदी पांढरा व्हता. त्या दिशी मुंडकं घेऊन काठावर बसला, मुंडकं पडलं आत, त्याच्या मागं ह्यो. डोकं बुडायच्या आदी मानेला धरून मीच वर काढला."

म्हणून डोकं आणि मान कोरी!

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत व्हते. तुम्ही बोललात, घरातलं मागनं, आदी पक्षी."

काखेत कळसा म्हणतात तो असा. सोराबशेटनी घंगाळात बोट बुडवलं, उजेडात धरलं आणि माझ्याकडे वळले.

"काशिनाथ, तिसरा रंग बोललो होतो. मी जिंकलो. पण नाव तुझाच लागला पाहिजे. पक्षी तू शोधला नाय, तू बनवला."

परतीच्या बोटीत त्यांनी ते तांडेलाला सांगितलं, तांडेलाने धक्क्याला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून 'काशिनाथ खांबावर बसलाय', 'काशिनाथने बोंबील पळवला' सुरू झालं. पुढे पिसं झडून बगळा पुन्हा पांढरा झाला. सोराबशेटच्या पुस्तकात त्या जातीचं नाव परत बदललं म्हणे. रेवसचं काही बदललं नाही.

अडचण झाली ती आमच्या मंडळींची. बगळ्याला हाक मारायची तर नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार!

एकदा बोटीला उशीर होता म्हणून मी दुपारीच घरी आलो. परसातून हाक आली, "अहो, या लवकर, ताजी कोळंबी हाय." मी पाय धुतले, पाट मांडला, बसलो. बराच वेळ कोणी येईना, म्हणून मागच्या दारी जाऊन पाहिलं. बगळा जेवत होता.

"अगं, मला हाक मारलीस ना?"

"तुम्हाला न्हाय," तिने बगळ्याकडे बोट केलं. "ह्यांना."