पुकारेआबा आणि वखारीचं कुलूप

पुकारेआबांना हलक्या आवाजात बोलताच येत नसे. तीस वर्षं मालवणच्या दिवाणी कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा केलेला माणूस. घरात बायकोकडे चहा मागितला तरी शेजारचे दोघे उठून उभे राहत. नोकरी संपल्यावरही ते रोज सकाळी कोर्टासमोरच्या चहाच्या दुकानात बाकावर येऊन बसत. वकील त्यांना हसत. मी हसलो नाही. वकील बोलायचे पैसे घेत, आबा एका चहावर बोलत.

त्यांच्या एका सवयीची मात्र मला चीड येई. कुणी गाऱ्हाणं घेऊन आला की त्यांचा प्रश्न ठरलेला, "आणि समोरचो काय म्हणता?"

"आधी माझा तरी आयकून घेवा!" मी ओरडे.

"आयकलंय. अर्धा आयकलंय."

मी मूळचा आचऱ्याचा. डोक्यावरून काथ्याचे भारे वाहता वाहता स्वतःचा धंदा उभा केला. पावसाळ्यात माल नेणारे मचवे बंद, माल पडून राहणार आणि भिजला की काळा पडणार. म्हणून मालवण बंदरावरची दत्तारामशेटांची वखार पाच वर्षांसाठी भाड्याने ठरवली. घासाघिशीत तीन दिवस गेले. मग रिवाजाप्रमाणे दोघांनी देवीपुढे नारळ ठेवला, गुरवाने गाऱ्हाणं घालून आमचा शब्द देवीच्या कानावर घातला. कागद करायचं दोघांच्याही मनात आलं नाही. देवीसमोर दिलेला शब्द कोण फिरवणार?

शेटांनी फिरवला. मी छपरावर पदरची कौलं घातली, आणि चैत्रात मुंबईचा एक लाकूडवाला जास्त भाडं द्यायला उभा राहिला. एका सकाळी जाऊन बघतो तर माझा माल आत आणि दाराला शेटांचं कुलूप. पोलिसांकडे धावलो. हवालदार म्हणाला, "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." मी घरी जाऊन पहार घेऊन आलो.

आबांनी बाकावरून हाक मारली. रस्ता थांबला, मीही थांबलो.

"खंय चललंस रे काथयेवाल्या?"

"कुलूप फोडूक!"

"फोड. पण ह्या घटकेक अन्याय कोणावर झालो, ता सांगून जा."

"माझ्यार!"

"कुलूप फोडलंस काय शेट फिर्यादी आणि तू आरोपी. आज तुझो दावो आसा, तो फुकट घालवू नको. दी ती पहार हयसर."

पहार बाकाखाली गेली. त्या बाकावर आबांनी मला जे शिकवलं, ते आजची कॉमर्सची मुलं जाड पुस्तकांतून शिकतात. फौजदारीत गुन्हेगाराविरुद्ध सरकार उभं राहतं. दिवाणीत आपली बाजू आपणच मांडायची. मालवणात हरलं तर रत्नागिरी, तिथे हरलं तर मुंबई. "आणि परत्येक पायरीर तुझो एक पावसाळो जातलो," ते म्हणाले.

"पण देवी माझ्या बाजूक आसा!"

"आसा. पण ती साक्षीच्या पिंजऱ्यात येवची नाय. गुरव येतलो. आणि गुरवान शपथ घेतली तरी पाच वर्सांचो करार तोंडी चलना नाय, रजिस्टर करूक व्हयो. कोर्ट तुका महिन्यामहिन्याचो भाडेकरू मानतला. शेट रीतसर नोटीस देतलो आणि तू भायर. आज नोटिशीशिवाय कुलूप घातल्यान, तेवढीच तुझी बाजू."

"म्हणजे स्टॅम्पाचो कागद देवीपेक्षा मोठो?"

"मोठो नाय. पण तो सगळ्यांका वाचूक येता."

दावा दाखल केला. पहिल्याच तारखेला न्यायाधीशांनी तडजोड जमते का बघा, असं सुचवलं. आबांनी शेटांना बाकावर माझ्याशेजारी बसवलं. नारळाचा विषय निघाल्यावर शेट जमिनीकडे बघू लागले. आबांनी तोडगा काढला: तीन वर्षं, नोंदणी केलेला करार, आणि कुलूप आजच काढायचं.

"पाच!" मी बाकावरून उठलो.

"पाच कोर्टात सिद्ध कर. तीन हयसर घे."

घेतली. त्या पावसाळ्यात माल सुखरूप राहिला. पण माझी दोन वर्षं आबांनी घालवली, हे मी त्यांना तोंडावर ऐकवत आलो. आजही माझं मत बदललेलं नाही.

तीन वर्षांनी शेट आपणहून आले. भाडं वेळेवर मिळत होतं, वखारीची डागडुजी होत होती. आता पाच वर्षांचा करार करू म्हणाले. मसुदा घेऊन मी आबांकडे गेलो. त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी मला एकेक कलम वाचायला लावलं.

"साक्षीदार एकच? दुसरो खंय?"

"तुम्ही."

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "जन्मभर लोकांच्या साक्षीदारांका हाका मारलंय रे. माका कोणी साक्षीदार केल्यान नाय."

नोंदणीच्या कचेरीत ते इस्त्रीचा कोट घालून आले. सही करायला त्यांना इतका वेळ लागला की कारकुनाने टाक परत मागितला. आबांनी दिला नाही.

"उद्या तुमका कोर्टात बोलावल्यानी तर येवशात?" मी विचारलं.

"येतलंय. सांगतलंय, माझ्यासमोर झाला."

त्या करारावरून एकदाही भांडण झालं नाही, त्यामुळे आबांना बोलावण्याची वेळच आली नाही. पाच वर्षं पुरी झाली तेव्हा ते नव्हते. नव्या कराराला दुसरा साक्षीदार म्हणून शेटांनी आपल्या भावाला आणलं. तो आल्या आल्या सही करायला वाकला. मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, "आधी वाच."