अध्यक्षकाकांचे आभारप्रदर्शन

गेल्या नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडला त्या मंगळवारी संध्याकाळी, आमच्या अध्यक्षकाकांचे राहते घर सिटी हॉलमध्ये हात वर करून काढून घेण्यात आले. घर भाड्याचे होते, म्हणून कोणाला त्यात अन्याय दिसला नाही. मला दिसतो.

काकांना बोलायला उभे केले की ते आधी आभार मानायचे. नागपुरात पोस्टात नोकरी करता करता त्यांनी कॉलनीचे गणेश मंडळ सांभाळले. तिथले अध्यक्षपद इथे परदेशातही चिकटले. बिल्डिंगमधल्या आम्ही पोरापोरींनी प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून नुसते पॉटलक केले तरी काका उठायचे. पोळ्या लाटणारीचे आभार, पायऱ्यांवरचा बर्फ शोव्हल करणाऱ्याचे आभार.

"अहो, वरण निवलं," काकू म्हणायच्या.

"त्याचेही मानतो."

बिल्डिंग तीन मजली, विटांची, मेन रोडवर. शेजारी ग्रोसरी, दारात बसस्टॉप. काकूंचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांचे जग तेवढेच. मग शहराने ठरवले की या रस्त्यावरून जलद बस धावणार, तर दोन्ही बाजूंना टॉवर हवेत. पंचवीस वर्षांचा आराखडा. सिटी हॉलच्या लॉबीत त्याची चित्रे मांडली तेव्हा काका चष्मा वर करून बघत राहिले. झाडे, सायकली, कॉफी पिणारी माणसे.

"छान काढलंय," ते म्हणाले. "यात आम्ही कुठं आहोत?"

मी ते इंग्रजीत विचारले. चित्रांशेजारी उभ्या असलेल्या, शहराच्या प्लॅनरबाई हसल्या. "धिस इज जस्ट अ व्हिजन." काकांनी त्यांचेही आभार मानले.

टॉवर नकोत असे आम्ही म्हणत नव्हतो. घरे हवीतच; मी स्वतः बेसमेंटमध्ये राहते. मागणी एवढीच होती की बिल्डिंग पाडण्याआधी इथल्या भाडेकरूंना याच रस्त्यावर, याच भाड्यात घर द्या. मी पत्रके वाटणारी मुलगी, मला आडवळण जमत नाही. "काका, सिटी हॉलच्या सभेत पाच मिनिटं मिळतात. पहिल्या वाक्यातच मागा."

"काहून एवढी घाई, पोरी? कोणाच्या घरी गेलो तर आधी पाणी तरी पितो न माणूस."

"तुम्ही पाहुणे नाही तिथे. भाडेकरू आहात."

"पण सभा त्यांची आहे न."

त्या मंगळवारी काका कोट घालून माइकसमोर उभे राहिले. मेयरचे आभार. प्रत्येक नगरसेवकाचे नावानिशी आभार. प्लॅनरबाईंच्या ब्यूटिफुल चित्रांचे कौतुक. दाराशी कॉफी ठेवणाऱ्याचेही आभार. "नाऊ, माय हंबल रिक्वेस्ट," असे म्हणून त्यांनी घसा साफ केला, आणि माइक बंद झाला.

"थँक यू फॉर युवर सपोर्ट, सर," मेयर म्हणाले.

काकांनी नमस्कार केला. मी जागेवरून ओरडले की हा सपोर्ट नाही. मला बसवले आणि पुढचे नाव पुकारले. माझी पाच मिनिटे काकांच्या आधीच झाली होती. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागणीच होती. तिचाही उपयोग झाला नाही. नगरसेवक बोलणाऱ्याकडे बघतच नव्हते. ते आमच्या मागच्या खुर्च्या बघत होते. त्या रिकाम्या होत्या. मग आराखड्याच्या बाजूने एकेक हात वर झाला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी घरमालकाची नोटीस आली. आम्ही अपील केले, ते फेटाळले. काका-काकू दूर, फ्रेंच बोलणाऱ्या लव्हाल शहरात मुलीकडे गेले. निघताना काका जिन्याचे, नळाचे, बसस्टॉपचे आभार मानत राहिले. ट्रकवाला हॉर्न देत होता. कोणी त्यांना थांबवले नाही.

परवा फोन केला. "इथं लिफ्ट आहे," काका म्हणाले. "पण खाली उतरून जायचं कुठं?"

मागून काकू म्हणाल्या, "फ्रेंचमधला एकच शब्द येतो यांना, मेर्सी, म्हणजे थँक यू. तोच दिवसभर पुरवतात."

आता तुमच्याशी. गणपतीला तुम्ही एवढे येता की हॉल पुरत नाही, दोन पंगती कराव्या लागतात. तुमच्या रस्त्यावरही रिकाम्या प्लॉटवर, जुन्या बिल्डिंगवर शहराची पाटी लागलेली असेल. आज थांबून ती वाचा. त्यावर सभेची तारीख असते. त्या संध्याकाळी या. बोलायला जमत नसेल तर बोलू नका. मागच्या खुर्चीत येऊन बसा.