नानांचं एकच चेनव्हील

जिचा दुसरा नग घरात नाही अशा कुठल्याही वस्तूवर तुमच्या नानांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवलेला नाही. तुमच्या आईचे बाबा, म्हणजे माझे व्याही, तीस वर्षं इथल्या एका तेलाच्या कारखान्यात सुरक्षिततेचे इंजिनिअर होते. काय काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर पुढे काय, याचा विचार करण्याचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर पगार तेवढा थांबला. त्यांच्या खिशात दोन चष्मे असतात, गाडीत दोन छत्र्या, उशाशी गजराची दोन घड्याळं, आणि दुसऱ्याचा गजर पाच मिनिटं उशिराचा, पहिल्याने दगा दिला तर असावा म्हणून. तुमच्या आईबाबांच्या लग्नात त्यांनी दोन गुरुजी बोलावले होते. "समजा एकाचा घसा बसला तर, विहीणबाई?" असं त्यांनी मला आदल्या दिवशी विचारलं. घसा कुणाचाच बसला नाही. स्टँडबाय गुरुजी तासभर गप्प बसले, मग त्यांना राहवेना, आणि सप्तपदीच्या चौथ्या पावलाला त्यांनी पहिल्या गुरुजींची चूक काढली. दोघांचा वाद मिटेपर्यंत तुमचे आईबाबा एक पाय पुढे टाकून तसेच उभे होते. फोटो आहे.

तुम्ही विमानाने साडेचार तासांवरच्या बॉथेलला गेल्यापासून इकडे शुगर लँडमध्ये तुमचे म्हणून आम्ही दोघंच उरलो, ते त्यांच्या घरी, मी माझ्या, मध्ये चार गल्ल्या. दर रविवारी ते चहाला येतात. निघताना फोन, "विहीणबाई, निघालो." वळणावर फोन, "पोचतोय." मग दारात उभं राहून पुन्हा फोन, कारण समजा बेल बिघडलेली असली तर. मुलीच्या सासरी रिकाम्या हाताने जायचं नाही हा त्यांचा नेम इतक्या वर्षांत मोडलेला नाही, त्यामुळे माझ्या फ्रीजमध्ये कायम दोन पपया असतात. आणि मी बसल्याशिवाय ते बसत नाहीत.

ईरा, मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "आजी, जूनमध्ये मॉम तुझ्यावर एवढी मॅड का होती?" त्याचं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. आई तुला आणि धाकट्या ताराला वाचून दाखवेल. तिला आता राग यायचा नाही.

गेल्या दिवाळीत तू नानांना सहज म्हणालीस की पुढच्या जूनमध्ये माझा दहावा बर्थडे आहे, तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर लायब्ररीपर्यंत सायकलने यायचं. तुमची लायब्ररी चढाच्या टोकाला. आमच्याकडे सगळं ताटासारखं सपाट, चढ म्हणून जो काही आहे तो हायवेवरच्या पुलाचा. नाना "येतो" म्हणाले, एवढं तुला माहीत आहे. पुढचे सात महिने आम्ही कसे काढले ते माहीत नाही.

डिसेंबरात त्यांनी सायकल घेतली. कार्बनची, आपल्या वीस पौंडांच्या कणकेच्या पिशवीपेक्षा हलकी. मग त्या हलक्या सायकलला त्यांनी दोन घंट्या, दोन दिवे, दोन पंप आणि पाण्याच्या दोन बाटल्या लावल्या आणि तिची पुन्हा कणकेची पिशवी केली. दुकानातली मेकॅनिक मुलगी दंडभर गोंदवलेली आणि फार सहनशील. तिने त्यांना समजावून सांगितलं की पेडलपाशी दात्यांचं जे चाक असतं, ते चेनव्हील, ते या सायकलला दोन आहेत, मोठं सपाटीला आणि लहान चढाला. पण हल्ली पुढे एकच मधलं चेनव्हील आणि मागे मोठी चक्रं, असंही बसवून मिळतं. गिअर थोडे कमी, पण वजनही कमी आणि कटकटही. "सर, तुम्हाला एकच टेकडी चढायचीय ना? मग एकच घ्या."

नाना दुखावले. गाडीत मला म्हणाले, "विहीणबाई, ही पोरगी मला एका चेनव्हीलवर बॉथेलला पाठवते आहे. समजा भर चढात तेच कमी पडलं, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

दोन चेनव्हीलं कायम झाली. जानेवारीत त्यांनी तुला फोनवरून रस्त्यावर पट्टी आणि अर्धी भरलेली आडवी बाटली घेऊन बसवलं, ते तुमचा चढ मोजायला. तुला वाटलं सायन्सचं काहीतरी आहे. तुझे आकडे घेऊन त्यांनी कुठल्या दिव्याच्या खांबापाशी कुठला गिअर टाकायचा याचा तक्ता केला, दोन प्रती काढल्या आणि एक माझ्याकडे ठेवली.

मार्चमधल्या एका रविवारी ते आले ते पपईशिवाय. वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन चेनव्हीलं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"ही तुमच्याकडे राहू द्या. गरम भांड्याखाली ठेवायला बरी आहेत."

"म्हणजे?"

"एकच बसवून घेतलं."

मी गाळणं खाली ठेवलं. "ती मुलगी काय म्हणाली?"

"तीनदा विचारलं तिने, सर, आर यू शुअर?"

"मग?"

"म्हटलं, शुअर नाही. पण बसव."

ज्या माणसाने लग्नाला दोन गुरुजी आणले तो असं सुखासुखी करणार नाही. मी चहा ओतता ओतता त्यांच्याकडे नीट पाहिलं. नानांच्या शर्टाची बटणं गळ्यापासून मनगटापर्यंत लावलेली असतात, भर ऑगस्टातसुद्धा. त्या दिवशी डाव्या बाहीचं बटण लावलेलं होतं आणि उजव्या बाहीचं उघडं. उजव्या बाहीचं बटण डाव्या हाताने लावावं लागतं.

"नाना, डावा हात दाखवा."

"काही नाही हो. चहा छान झालाय."

"अजून तुम्ही प्यायला नाहीत. दाखवा."

फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला मग सुटला होता. डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचा लहानसा झटका येऊन गेला. बोलणं ठीक, चालणं ठीक, फक्त डाव्या हाताचा जोर गेला, आणि तो बराचसा येईल असं ते म्हणाले. दोन चेनव्हीलं असली की ती बदलायची कळ डाव्या हाताशी असते आणि जोर लावून आत ढकलावी लागते. एकच असलं की सगळे गिअर उजव्या हाताकडे.

"आणि ब्रेक?" मी विचारलं.

"ब्रेक ओढायचा असतो. ओढता येतं. ढकलता येत नाही."

"मुलांना सांगितलंत?"

"सांगितलं की तुमची सून पहिल्यांदा सगळं कॅन्सल करेल. विहीणबाई, ईरा दहाची होतेय. अकराव्या वर्षी ती मैत्रिणींना विचारेल. या जूनला दुसरा जून नाही."

तुमची नानी गेली तेव्हासुद्धा मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. मी दोन अटी घातल्या. डॉक्टरांची लेखी परवानगी आणायची, आणि हात थकला की जिथे असाल तिथे उतरायचं, लाज वाटली तरी. दुसऱ्या अटीवर त्यांनी बराच विचार केला.

"म्हणजे उतरणं हा माझा स्टँडबाय."

"हो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि चहा प्यायले. गार झाला होता.

परवानगी आली. पण माझा जीव काही थाऱ्यावर येईना. तुझे बाबा रोज फोनवर विचारायचे, "नाना कसे आहेत?" मी "बरे आहेत" म्हणायची आणि घाईने तुमच्या शाळेचं विचारायची. ते पडले, तर मला माहीत असताना पडले असं होणार होतं. सकाळी उन्हं तापायच्या आत ते पुलावर सराव करायचे आणि मी मागून गाडी घेऊन जायची, चारी दिवे लुकलुकत ठेवून, त्यांच्याच वेगाने. एका सकाळी पोलिसाने मला थांबवलं.

"मॅम, तुम्ही या माणसाचा पाठलाग का करताय?"

मी कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण व्याही म्हणजे काय हे त्या माणसाला सांगताना माझी भंबेरी उडाली. त्यांची मुलगी माझ्या मुलाला दिली आहे, असं शेवटी कसंबसं सांगितलं.

"ओके," तो म्हणाला. "सो, नो रिलेशन."

तोवर नाना पुलावरून वळून परत आले होते. धापा टाकत, हेल्मेट वाकडं झालेलं. "ऑफिसर," ते म्हणाले, "शी इज माय बॅकअप." पोलिसाने आम्हाला सोडून दिलं. बहुतेक आमची कीव आली असावी.

मग जून आला आणि सायकल खोक्यात घालून आम्ही दोघं बॉथेलला आलो. वाढदिवसाच्या सकाळी, तारा, तू आणि मी चढाखाली पत्रपेटीपाशी उभ्या होतो आणि तू म्हणालीस, "आजी, माझा हात दुखतोय." इतका घट्ट धरला होता मी. नानांचा तक्ता माझ्या दुसऱ्या हातात होता आणि मी खांब मोजत होते. तिसऱ्या खांबापर्यंत ते तक्त्याप्रमाणे गेले. चौथ्यापाशी सायकल जराशी डगमगली. पाचव्याच्या अलीकडे ते उतरले. सावकाश, रीतसर, ठरल्यासारखे. आणि ईरा, तू वरून ओरडलीस, "नाना, युझ द अदर गिअर!"

ते ओरडले, "नाही बेटा, एकच आहे!"

मग तू खाली आलीस, सायकलवरून उतरलीस आणि त्यांच्या डावीकडून चालायला लागलीस. मी पण दमले, असं तू त्यांना म्हणालीस. तू अजिबात दमली नव्हतीस, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना चष्मा पुसला. दुसरा चष्मा खिशात होता तरी.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी स्वतः तुमच्या आईला सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, तुम्हाला मार्चपासून माहीत होतं?" मी हो म्हणाले. ती ताट घेऊन आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलली नाही. तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मी चार दिवस बोलले नसते. पुन्हा तसा प्रसंग आला तर मी काय करीन, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आता हात बराच सुधारला आहे, पण ढकलणं काही जमत नाही. रविवारी तीन फोन करून ते येतात. चहाचं भांडं मी लहान चेनव्हीलवर ठेवते, मोठं कपाटात जादा म्हणून आहे. मी बसल्याशिवाय न बसणारा हा माणूस हल्ली दारातच उजवी बाही पुढे करतो आणि मी बटण लावेपर्यंत पपईच्या गोडीबद्दल बोलत राहतो. मग खुर्चीत बसल्यावर विचारतो, "ईरा पुढच्या जूनचं काही म्हणाली का?" मी म्हणते, अजून नाही. ते म्हणतात, "घाई नाही. मुलांना आपापले बेत असतात."

तू विचारावंस असं मी सांगत नाही. मैत्रिणींबरोबर गेलीस तरी त्यांना आनंदच होईल. बॉथेलची तिकिटं मात्र त्यांनी काढून ठेवली आहेत, दोन वेगवेगळ्या शनिवारांची, समजा एका शनिवारी तुला वेळ नसला तर.