सहा नंबरचा माइक

हळ्ळीखेडचा बसवप्रभु नऊ वर्षं कलबुर्गीतल्या एका सरकारी सभागृहात कंत्राटावर आवाज सांभाळतो. माइकच्या बटणांचा टच-पडदा वर्षभर बिघडलेला, म्हणून तो लॅपटॉपवर हुकूम टाइप करतो: माइक दोन चालू, माइक दोन बंद. यंत्र प्रत्येक वेळी ‘ओके’ म्हणतं. हुकूम पोचला, एवढाच त्याचा अर्थ.

गेल्या महिन्यात एक माइक चुकून उघडा राहिला आणि कुणाचीतरी खासगी चेष्टा थेट बेंगळुरूला ऐकू गेली. बसवप्रभुला मेमो मिळाला. “आता यादीबाहेरचा माइक उघडलास तर घरी जा,” सभागृहाचे अधिकारी संकर्षणसाहेब यांनी बजावलं.

त्या मंगळवारी बेंगळुरूची समिती तिथूनच, नुसत्या आवाजाच्या लाइनवर, निंबर्ग्याची मराठी शाळा बंद करावी का, यावरचं म्हणणं ऐकणार होती. मुख्याध्यापिका विभाबाईंना तीन मिनिटं. बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांच्या नावापुढे माइक तीन.

बसवप्रभु बसतो त्या बंद खोलीतून खांबामुळे खुर्च्या दिसत नाहीत. चालू माइकचाच आवाज त्याच्या हेडफोनमध्ये येतो.

“निंबर्गा,” समितीने पुकारलं. त्याने तीन चालू केला. ओके. हेडफोनमध्ये कुणीतरी खोकलं. बस्स.

“निंबर्गा, बोला.” खोकला.

त्याने बंद करून पुन्हा चालू केला. ओके.

“कुणी आलेलं दिसत नाही. पुढचं गाव घ्या.”

बसवप्रभुने सगळ्या माइकांची पातळी मागवली. माइक बंद असला तरी त्याच्यापर्यंत पोचणारा आवाज यंत्र मोजतं. पाच ओळी निपचित. सहाचा आकडा मात्र वरखाली उड्या मारत होता. सहा यादीत नव्हता.

त्याने सहा चालू केला.

“...ओढा भरला की वाट बंद. पहिलीच्या पोरी पलीकडच्या शाळेत जाणार कशा?”

“बाई, मधूनच काय सांगताय?” समितीचे अध्यक्ष म्हणाले. “पहिल्यापासून सांगा. वेळ नव्याने धरतो.”

विभाबाई पूर्ण तीन मिनिटं बोलल्या. ओढ्यावरची वाट प्रत्यक्ष पाहून आल्याशिवाय निर्णय नाही, असं समितीने ठरवलं.

तेवढ्यात संकर्षणसाहेब खोलीत शिरले. “सहा कुणी उघडला?”

“म्याच, साहेब.”

“कुणाला इचारून?”

“इचारायला येळ कुठं हुता? सहावर कुणीतरी बोलायलं हुतं.”

“तिनावर अच्युतराव गुरुजी बसलेत. उशिरा आले. बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, उठून खुर्ची दिली की.”

“मला खांब दिसतो, साहेब. गुरुजी न्हाई दिसत.”

“हुकमांची नोंद छापून दे. खाली सही कर.”

त्याने छापून दिली. अकरा बेचाळीस, माइक सहा चालू. सही केली.

“पुढचं गाव,” हेडफोनमध्ये आवाज आला.

“साहेब, यादीत चार हाय. चारवर कोन बसलंय आता?”

संकर्षणसाहेब बाहेर गेले, खुर्च्यांची एक फेरी मारून आले, आणि त्याच कागदाच्या पाठीवर माइकच्या आकड्यांपुढे सहा जणांची नावं लिहून त्यांनी तो बसवप्रभुपुढे ठेवला.